औषध थांबवायचं नाही

“आतमधी एक पोट्टी बसते म्हणे. थेच जोडते सारं.”

पाण्याची बाटली भरायला मी प्रयोगशाळेतून बाहेर आले होते, तेव्हा वेटिंगमध्ये बसलेल्या एक काकू शेजारच्या बाईला हे सांगत होत्या.

“जोडते म्हणजे? कसं जोडते?”

“आता मले काय माहीत बाप्पा. दुर्बीण लावून पाहते म्हणे दिवसभर. सोताचं लग्न नाही झालं अजून, अन् दुसऱ्याइचे पाळणे हालवून राहिली.”

दोघी हसल्या. ती पोट्टी पाण्याच्या मशीनपाशीच उभी आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी अर्धी भरलेली बाटली घेऊन आत निघून गेले. या काकूंना मी सुमनकाकू म्हणते. खरं नाव वेगळं आहे, आणि या लेखातली सगळीच नावं मी बदलली आहेत. हा लेख शेवटी सुमनकाकूंच्या घरी पोचणार आहे, पण त्याआधी माझं काम काय ते सांगायला हवं, नाहीतर त्या घरी माझा जीव कशासाठी खालीवर होत होता ते कळणार नाही.

रायपुरात समता कॉलनीतल्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात मी भ्रूणतज्ज्ञ आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, मैत्रिणी हिंदी बोलणाऱ्या, आणि मराठी फक्त घरातली. आई मराठीत विचारायची, मी हिंदीत उत्तर द्यायचे. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहिशील का, असं संपादकांनी विचारलं तेव्हाही मी “सोचके बताती हूँ” असंच म्हटलं होतं. मुळात मला बोलणं जड जातं. हे काम मी निवडलं त्याचं अर्धं कारण तेच. ज्यांच्याशी माझा दिवसभर संबंध येतो ते डोळ्यांना दिसतही नाहीत, आणि लग्न कधी करतेस असं विचारत नाहीत.

लोक याला टेस्ट ट्यूब बेबी म्हणतात, पण आमच्याकडे बाळ नळीत नसतं. चपटी, झाकणाची, तळहाताहून लहान अशी बशी असते. बाईला आधी रोज पोटात इंजेक्शनं घ्यावी लागतात. एरवी महिन्याला एक बीज पिकतं, तिथे अनेक पिकावीत म्हणून. हे दहा-बारा दिवस चालतं. पोट फुगतं, चिडचिड होते, आणि घरात सगळ्यांना वाटतं की सून नखरे करते आहे. ती नखरे करत नसते. मग थोडी भूल देऊन बीजं सुईनं काढतात. ऑपरेशनची खोली आणि माझी खोली यांच्यामधल्या भिंतीत एक लहान खिडकी आहे. तिच्यातून कोमट नळ्या माझ्याकडे येतात, मी त्यातलं पाणी बशीत ओतून शोधते, आणि बीज दिसलं की मोठ्यानं सांगते, “मिला!” माझा मोठा आवाज केंद्रात कोणी ऐकला असेल तर तो एवढाच.

त्याच दिवशी नवऱ्याचा शुक्राणू आणि बाईचं बीज एकत्र येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी किती फळली ते बघायचं आणि घरी फोन करून सांगायचं. हा फोन मला करावा लागतो. सुरुवातीला मी वाक्यं मनात घोकून फोन उचलायचे. कारण आकडा नेहमी आदल्या दिवसापेक्षा लहान असतो. काढलेली सगळी बीजं पिकलेली नसतात, पिकलेली सगळी फळत नाहीत, फळलेली सगळी पाचव्या दिवसापर्यंत पोचत नाहीत. निसर्गातही असंच होतं, फक्त तिथे कोणी मोजत बसत नाही. या उपचाराला येणाऱ्या कोणालाही मला एकच गोष्ट आधी सांगावीशी वाटते, ती ही गळती. ती माहीत असली की माणूस फोनवर कोसळत नाही. नवा रायपुरातले एक अधिकारी मात्र दर फोनला विचारायचे, “मॅडम, क्वालिटी टॉप है ना?” जणू मी सिमेंटचा पुरवठा करत होते. त्यांचा शेवटचा गर्भही चौथ्या दिवशी वाढायचा थांबला. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, “मिसेस को आप मत बताइएगा, मैं बताऊँगा.” त्या दिवशी प्रथमच ते मला आवडले.

आमच्या खोलीत वास चालत नाही. अत्तर, गजरा, उदबत्ती, काहीच नाही. त्या हवेतल्या सूक्ष्म कणांनी बशीतल्या जिवाला त्रास होतो. मी नोकरीला लागल्यापासून सेंट लावलेला नाही. एक कापडवाले भैया बायकोच्या गर्भाशयात गर्भ ठेवायच्या दिवशी इतकं अत्तर लावून आले, की मॅडमनी, म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाईंनी, त्यांना दारातूनच परत पाठवलं. “शुभ दिन है मॅडम,” ते कळवळून म्हणाले. “इसीलिए,” मॅडम म्हणाल्या, “नहाके आइए.”

आणि नावं. प्रत्येक बशीवर नवरा-बायकोची नावं असतात, आणि प्रत्येक टप्प्याला ती दोघांच्या तोंडून मोठ्यानं वदवून घेतो. इथे चूक झाली तर तिला क्षमा नाही. आता आमच्याकडे आसपासच्या गावांतून येणाऱ्या काही बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. एक बाई टेबलावर आडवी झालेली, मॅडम नळी धरून उभ्या, आणि मी खिडकीतून विचारते आहे, “पति का नाम?” ती गप्प. पुन्हा विचारलं. शेवटी पदर तोंडावर ओढून म्हणाली, “मंगल के बाद जउन दिन आथे न, उही.” मी बशी पाहिली. बुधारू. मॅडमना नियम मोडायचा नव्हता आणि बाईला तिचा. नवऱ्यालाच दारापर्यंत आणून त्याच्याकडून त्याचं नाव वदवून घेतलं. त्यांना मुलगा झाला. पेढे रिसेप्शनपर्यंत आले. आत माझ्यापर्यंत नेहमी रिकामा खोका येतो.

पाचव्या दिवशीचा गर्भ पातळ नळीतून गर्भाशयात ठेवतात. दुखत नाही, भूल लागत नाही. लोकांना वाटतं आता बाई हलली की गर्भ पडेल. तो पडत नाही. मॅडम सांगतात, तिळाच्या लाडवातला तीळ तुम्ही चाललात म्हणून गळतो का? जिने चढा, भाजी करा, ऑफिसला जा. मुलगा की मुलगी हे कोणी विचारू नका, आम्ही सांगणार नाही, तो गुन्हा आहे. त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी रक्ताची तपासणी. हे दोन आठवडे सगळ्यांत वाईट. इंजेक्शनं नसतात, दवाखान्याच्या फेऱ्या नसतात, करायला काहीच नसतं. फक्त एक गोळी सकाळ-संध्याकाळ न चुकता घ्यायची असते. तिनं गर्भाशयाचं अस्तर टिकतं. गोठवलेला गर्भ ठेवला असेल आणि अस्तर औषधांनीच वाढवलेलं असेल, तर बाईचं शरीर स्वतःहून तो आधार देत नाही. गोळी हाच आधार. गोळी थांबली की गर्भाच्या पायाखालची जमीन गेली.

या दिवसांत काहींना थोडा डाग जातो. तो पाळीचा असू शकतो, गर्भ रुजल्याचा असू शकतो, नुसता गोळीचाही असू शकतो. बघून कळत नाही. म्हणून मॅडम प्रत्येकीला सांगतात: डाग दिसला तर आम्हाला फोन करा, पण औषध थांबवायचं नाही.

सुमनकाकूंची सून वैशाली. घर बीरगांवात, नवरा नीलेश उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात. वैशालीच्या दोन्ही बीजवाहक नळ्या लहानपणीच्या आजारानं बंद झालेल्या. बीजं बरी निघाली, पण पाचव्या दिवशी माझ्या बशीत एकच गर्भ उरला. इंजेक्शनांनी तिचं पोट सुजलं होतं म्हणून तो गोठवून ठेवला आणि दोन महिन्यांनी, भाद्रपद लागताना, गर्भाशयात ठेवला. दुसरा नव्हता. पुन्हा सगळं पहिल्यापासून करण्याची ताकद त्या घरात उरली नव्हती, हे नीलेशनं मॅडमना खुर्चीत बसायच्या आधीच सांगितलं होतं.

मी मराठी आहे हे सुमनकाकूंना कसं कळलं कोण जाणे. गर्भ ठेवला त्या दिवशी त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

“तू थेच ना व, दुर्बिणीवाली? कोणाची हायेस? तुही आई कुठची?”

“नागपूरची,” मी म्हटलं.

“मंग काहून हिंदीत बोलतेस सगळ्याइशी? आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. जेवाले ये. मले कुमारिका लागते पंगतीत.”

“काकू, मी खूप मोठी आहे कुमारिकेला.”

“लग्न झालं का? नाही ना? मंग कुमारिकाच.”

रुग्णांच्या घरी आम्ही जात नाही. मी मॅडमना विचारलं, म्हणजे त्या नाही म्हणतील अशा आशेनं विचारलं. त्या हसल्या. “जाओ. बस किसी को बताना मत तुम कौन हो, वहाँ किसी को कुछ पता नहीं है. मुँह बंद रखना.” मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाल्या, “वैसे ये तुम्हें कहने की ज़रूरत नहीं.” घरी आईनं साडी काढून ठेवली. महालक्ष्म्यांच्या जेवणाला नाही म्हणत नसतात, एवढं बोलून ती मोकळी झाली.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी मी बीरगांवला गेले. दारापासून आतपर्यंत हळदीकुंकवाची पावलं. समोरच्या खोलीत दोघी महालक्ष्म्या उभ्या, भरजरी साड्या, वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगलेला, पुढ्यात त्यांची दोन बाळं. शेजारणी, नातलग, आंबिलीचा आणि पडवळाच्या कढीचा वास. सुमनकाकूंनी माझी ओळख “वैशालीच्या मैत्रिणीची बहीण” अशी करून दिली. वैशाली दिसत नव्हती.

“वैशाली कुठे आहे?” मी एका शेजारणीला हळूच विचारलं.

“बाजूले बसली ना थे. काल संध्याकाळपासून. ऐन सणाले! नशीबच पाहा पोट्टीचं.”

म्हणजे पाळी. माझी नजर खाली गेली. थोरल्या महालक्ष्मीच्या पायाशी, सुपारी आणि खोबऱ्याच्या वाटीशेजारी, आमच्या केंद्राचा औषधाचा डबा होता. पांढरा, निळ्या झाकणाचा. त्याच्यावरही कुंकू लावलेलं होतं.

घरामागे न्हाणीच्या पलीकडे जाळीच्या दाराची सामानाची खोली होती. वैशाली तिथे चटईवर बसली होती. मी जाळीजवळ गेल्यावर ती उठली, पण जवळ आली नाही.

“डाग गेला दीदी. थोडासाच. आईंले सांगितलं तर म्हणे झालं, आता बाजूले बस.”

“और दवाई?”

“महालक्ष्म्या बसवल्या तेव्हा आईंनीच पायापाशी ठेवली होती. आशीर्वाद लागंल म्हणून. आता पायापाशची वस्तू माह्या हाताले कशी देतीन? अन् म्हणे, पाळी आली त बाळाचं औषध काहून घ्यायचं.”

“फोन क्यों नहीं किया?”

“जेवणं होऊ दे म्हणाल्या. नीलेश म्हणे, आई म्हणते तसं कर. संपलं ना दीदी?”

“पता नहीं,” मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

कालची संध्याकाळची गोळी चुकलेली, आजची सकाळची चुकलेली. मी न्हाणीमागे उभी राहून मॅडमना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, रक्त किती गेलं. मग म्हणाल्या, “अभी दो. अभी के अभी. बाकी मैं कल देख लूँगी.”

मी परत जाळीशी आले. “डबा मी आणते. मी तर बाजूला नाही बसलेली.”

वैशालीनं मान हलवली. “तुमच्या हातून नको. आईंनी म्हटल्याशिवाय मी घेणार नाही दीदी. उद्या काही झालं त म्हणतीन, देवीजवळचं बाटवलं म्हणून राहिलं नाही. जिंदगीभर ऐकू मी?”

मला राग आला तिचा, आणि पुढच्याच क्षणी कळलं की ती बरोबर आहे. त्या घरात मला जेवून निघून जायचं होतं. तिला राहायचं होतं. गोळी चोरून पोटात जाऊन भागणार नव्हतं, ती सुमनकाकूंच्या हातून यायला हवी होती.

मी नीलेशला गाठलं. तो पाटावर पाट आणून मांडत होता. “मॅडमनी सांगितलंय, आत्ता द्या,” मी म्हटलं. त्यानं स्वयंपाकघराकडे पाहिलं. “दीदी, एक घंटा. पंगत उठली की मैं खुद बात करता हूँ.” वाईट माणूस नाही तो. एका तासानं काही बिघडत नाही असं त्याला वाटत होतं, आणि असे एकेक तास जोडून काल संध्याकाळपासून आजची दुपार झाली होती.

मी स्वयंपाकघरात गेले. “काकू, जरा बाहेर येता?”

“आता? पोळी तव्यावर हाये माय. जेव आधी, मंग बोलू.” सुमनकाकूंचा चेहरा घामानं आणि धुरानं लाल झाला होता, आणि डोळेही. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. तेव्हा मला कळलं की त्यांना निष्ठुरपणा करायचा नव्हता. डाग दिसल्याबरोबर त्यांनी मनात सगळं संपवून टाकलं होतं, आणि आता कोणी तो विषय पुन्हा उघडू नये म्हणून त्या पोळ्या लाटत होत्या.

पुढचं सांगण्याआधी निकाल सांगून टाकते, कारण अशा गोष्टीत वाचकाचा जीव तिथेच अडकलेला असतो. वैशालीचा रक्ताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. पुढे सोनोग्राफीत ठोके दिसले. मुलगी आहे, आता धावते. डाग कशाचा होता ते कधीच कळलं नाही. चुकलेल्या त्या दोन गोळ्यांनी काही बिघडलं नाही हे नशीब, आणि आमच्या कामात नशिबाचा वाटा मोठा असतो, हे मी कोणापासून लपवत नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला असता तरी त्या दिवशी जे बोलले ते मला बोलावंच लागलं असतं. माझ्या बशीत मी त्या गर्भाला पाच दिवस सांभाळून पाठवलं होतं. तो न रुजता थांबला असता तर मला मान्य होतं. सुपारीशेजारी डबा पडून होता म्हणून थांबला असता, तर नाही.

तर पंगत बसली. कुमारिका म्हणून मला पहिल्या पाटावर, महालक्ष्म्यांच्या समोर बसवलं. केळीचं पान, वरण-भात, पुरणपोळी, सोळा भाज्या मिसळलेली एक भाजी, कढी, आंबील. सुमनकाकूंनी माझ्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, भातावर तूप सोडलं. पंधरा-वीस बायका हात आवरून माझ्याकडे बघत होत्या, कारण कुमारिकेनं पहिला घास घेतल्याशिवाय कोणी सुरुवात करणार नव्हतं, आणि ती उपाशी उठली तर महालक्ष्म्या उपाशी उठल्या असं तिथे मानतात. हे मला आईनं साडी नेसवताना सांगितलं होतं.

“घे व, सुरू कर,” काकू म्हणाल्या.

मी हात मांडीवरच ठेवला.

“काय झालं? तिखट नाही काही.”

“अवं, लाजून राहिली थे,” कोणीतरी म्हणालं, आणि बायका हसल्या.

मला तोंड बंद ठेवायला सांगितलेलं होतं. उपचाराचा एक शब्दही या बायकांसमोर निघता कामा नये, ते गुपित वैशालीचं होतं. हिंदीत बोलावं असं वाटलं, नेहमीसारखं, पण हिंदीत ते सांगता आलं नसतं. सुमनकाकू तुपाची वाटी घेऊन वाकलेल्या होत्या, त्यांचा चेहरा माझ्या अगदी समोर होता. मी डब्याकडे बोट केलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मराठीत म्हटलं,

“काकू, तो डबा आधी तुमच्या हातानं वैशालीला द्या. तोवर मी घास उचलणार नाही.”